वऱ्हाडची हवा

वऱ्हाडाविषयीं बाहेरच्या माणसाच्या मनांत पहिली कल्पना उभी राहते ती उन्हाची. अकोल्याचें नांव मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत एप्रिल-मे महिन्यांत ठळक अक्षरांत येतें, आणि त्या नांवापुढें पंचेचाळीसच्या आसपासचा एक आंकडा असतो. तो आंकडा खोटा नसतो. अकोल्याचा पारा आजवर ४७ अंश सेल्सिअसच्याही पुढें गेलेला आहे. परंतु माणसाचा स्वभाव जसा त्याच्या रागाच्या एका क्षणावरून ठरवूं नये, तसेंच एखाद्या प्रदेशाचें हवामान त्याच्या सर्वांत तप्त अशा एका दुपारवरून ठरवूं नये. वऱ्हाडची हवा समजून घ्यावयाची तर दोन अंतरें पाहावयास हवींत : एक, दिवस आणि रात्र यांच्या तापमानांतील अंतर, आणि दुसरें, एका पावसापासून दुसऱ्या पावसापर्यंतचें अंतर. पहिल्यावर येथील माणसाचें आरोग्य अवलंबून असतें, दुसऱ्यावर त्याचें शेत.

प्रथम या प्रदेशाची बैठक पाहावी. उत्तरेस गाविलगडचे डोंगर आणि मेळघाट, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचें पठार, आणि मध्यें पूर्णा नदीचें रुंद, सपाट, काळ्या जमिनीचें खोरें, अशी ही रचना आहे. खोऱ्याला जुने लोक पयानघाट म्हणत आणि दक्षिणेकडील उंच भागाला बालाघाट. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारें २८० मीटर उंचीवर आहे, अमरावती सुमारें ३४० मीटरांवर. म्हणजे पुण्याला किंवा महाबळेश्वराला लाभलेला उंचीचा आधार या शहरांना नाहीं. आणि अरबी समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर असल्यामुळें मुंबईला लाभलेला पाण्याचा आधारही नाहीं. समुद्राचें पाणी सावकाश तापतें आणि सावकाशच निवतें. जमीन मात्र लवकर तापते व लवकर निवते. ज्या गुणानें वऱ्हाडची दुपार असह्य होते, त्याच गुणानें तेथील पहाट सुसह्य होते, हें येथें ध्यानांत ठेवावें.

उन्हाळ्याची चाहूल होळीच्या सुमारास लागते. या दिवसांत दुपार आणि पहाट यांच्या तापमानांत पंधरा अंश किंवा त्याहूनही अधिक फरक पडतो. सकाळीं शाल आणि दुपारीं पंखा, असा प्रकार एकाच दिवशीं घडतो. आकाश निरभ्र असल्यामुळें दिवसा ऊन विनाअडथळा जमिनीपर्यंत पोंचतें आणि रात्रीं जमिनीची उष्णता तितक्याच विनाअडथळा आकाशांत निघून जाते. ढग म्हणजे पृथ्वीचें पांघरूण. तें नसलें कीं दिवस अधिक तापतो आणि रात्र अधिक निवते.

एप्रिल संपतां संपतां सूर्य वऱ्हाडच्या माथ्याकडे सरकूं लागतो. मे महिन्याच्या २३ ते २५ तारखांच्या सुमारास अकोला व अमरावती येथें तो मध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. याच सुमारास, २५ मेला, सूर्य रोहिणी नक्षत्रांत जातो, आणि लोक ज्याला नवतपा म्हणतात ते नऊ दिवस सुरू होतात. या दिवसांत कमाल तापमानाची सरासरीच ४२ अंशांच्या आसपास असते. येथें एक शंका कोणासही यावी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत सूर्य परततांना पुन्हां एकदां वऱ्हाडच्या डोक्यावर येतो. मग जुलै महिना मेसारखा कां तापत नाहीं? उत्तर असें कीं उष्णता केवळ सूर्याच्या उंचीवर ठरत नाहीं. जुलैंत ढग ऊन अडवितात, आणि जें ऊन खालीं पोंचतें त्याचा मोठा भाग ओल्या जमिनींतील पाण्याची वाफ करण्यांत खर्च होतो. मे महिन्यांत जमिनींत खर्च करावयास पाणीच उरलेलें नसतें. म्हणून सारें ऊन माती आणि हवा तापविण्याच्या कामीं येतें. दुपारीं बाराला सूर्य माथ्यावर असला तरी सर्वांत कठीण वेळ तीन-साडेतीनची असते, कारण तापलेली जमीन मागाहून हवेला तापवीत राहते.

या कोरडेपणांत शाप आहे तसें एक वरदानही आहे. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. एक ग्रॅम पाणी सुकतें तेव्हां सुमारें ५८० कॅलरी उष्णता नाहींशी होते. म्हणजे अर्ध्या लिटराहून अधिक पाणी एका अंशानें थंड करण्याइतकी. हवा जितकी कोरडी, तितकें पाणी झपाट्यानें सुकतें. मे महिन्याच्या दुपारीं हवा ४२ अंश तापलेली आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर वाऱ्यावर धरलेलें ओलें फडकें बावीस अंशांच्या आसपास उतरूं शकतें. माठांतील पाणी, दारावरचा वाळ्याचा ताटा आणि अलीकडच्या घरांतील कूलर हे तिन्ही याच एका नियमावर चालतात. जुलैंत हवा ३२ अंशांची पण आर्द्रता पाऊणशे टक्के असते. तेव्हां तेंच फडकें २८ अंशांच्या खालीं जात नाहीं. मे महिन्यांत घर गार करणारा कूलर पावसाळ्यांत नुसती दमट हवा कां फेंकतो, हें कोडें एवढ्यानें सुटावें.

मनुष्याचें शरीर हाही एक माठच आहे. घाम सुकतो म्हणून तें थंड राहतें. कोरड्या हवेंत घाम दिसण्यापूर्वींच सुकून जातो. त्यामुळें आपल्या अंगांतून किती पाणी गेलें हें उन्हांत हिंडणाऱ्यास कळत नाहीं, आणि तहान लागेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. डोकें व कान दुपट्ट्यानें बांधून घेण्याची वऱ्हाडी रीत, कैरीचें पन्हें, मीठ घातलेलें ताक, यांचें मर्म हेंच. हवा शरीराहून अधिक तापलेली असतांना उघड्या अंगावर वारा घेणें म्हणजे भट्टीसमोर बसणें होय. अंग ओलें असेल तरच तो वारा उपयोगी पडतो. उन्हांतून आलेल्या माणसाचें अंग तापून तो असंबद्ध बोलूं लागला तर तो उष्माघात समजावा. अशा वेळीं त्याला सावलींत आणावें, अंगावर भरपूर पाणी घालून वारा घालावा आणि विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें; शुद्ध हरपलेली असल्यास तोंडांत पाणी ओतूं नये.

परंतु उन्हाळ्याची खरी परीक्षा रात्रीं होते. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीं विसावा मिळाला तर दुसरा दिवस निभावतो. जुन्या वऱ्हाडी घरांना मातीच्या जाड भिंती असत आणि वर मातीचें धाबें असे. जाड माती ऊन सावकाश आंत घेते. दुपारची उष्णता आंतल्या खोलींत पोंचेपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोंवर घरांतील माणसें अंगणांत किंवा धाब्यावर बाजा टाकून निजावयास गेलेलीं असत. दिवसा घरांत व रात्रीं आकाशाखालीं, असा तो दुहेरी बंदोबस्त होता. आतांच्या सिमेंटच्या घरानें त्याचा पहिला भाग बिघडविला आणि दाट वस्तीनें दुसरा. सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर तें खालच्या खोलींत सोडीत राहते. शेजारच्या भिंती व डांबरी रस्ते तेंच करतात. अंगणें उरलीं नाहींत आणि झाडें कमी झालीं. मेअखेरीस किमान तापमान एरवींच सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असतें. तें तिसाच्या खालीं न उतरतां चार-पांच रात्री गेल्या, तर वृद्ध, तान्हीं मुलें आणि दिवसा उन्हांत राबणारे मजूर यांना ती गोष्ट दुपारच्या पंचेचाळीस अंशांहून जड जाते.

ही चिंता केवळ पुस्तकी नाहीं. मे २०२४ मध्यें अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हां जिल्हाधिकाऱ्यांनीं महिनाअखेरपर्यंत १४४ कलम लागू केलें आणि कामगारांना पिण्याचें पाणी व सावली द्यावी, शिकवणीचे वर्ग भर दुपारीं भरवूं नयेत, असे निर्बंध घातले. एरवीं दंगलीच्या भयानें लागणारें कलम उन्हासाठीं लागावें, यावरून प्रसंगाचें गांभीर्य कळेल. घरोघरीं करण्यासारखे उपाय मात्र साधे आहेत. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा, म्हणजे बरेंच ऊन परत फेंकलें जातें. पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडेल असें झाड लावावें. आणि घरीं कामास येणाऱ्या गवंड्यास, हमालास दुपारची सुटी देऊन सकाळ-सायंकाळचें काम सांगावें. यांतील शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

ज्यांना शक्य असे ते पूर्वीं उन्हाळ्यांत चिखलदऱ्यास जात, आजही जातात. गाविलगडच्या किल्ल्याजवळचें हें ठाणें अकराशे मीटरांहून अधिक उंच आहे. दर हजार मीटरांस साडेसहा अंश, या साधारण हिशेबानें तेथील हवा अमरावतीपेक्षां पांच अंशांनीं थंड असते, आणि पावसाचें मान तर अमरावतीच्या जवळजवळ दुप्पट पडतें. तेथें कॉफीचे मळे होऊं शकले ते यामुळेंच. एकाच जिल्ह्यांत, कांहीं तासांच्या वाटेवर, इतका फरक पडतो.

आतां दुसऱ्या अंतराकडे, म्हणजे पावसाकडे वळावें. जूनच्या मध्याच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारे वऱ्हाडांत पोंचतात. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर बरेचसे रिते होतात; म्हणून वऱ्हाडच्या पावसाची मोठी भिस्त बंगालच्या उपसागरांत उठून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर असते. असा पट्टा मध्य प्रदेशावरून गेला कीं वऱ्हाडांत झड लागते आणि दोन-तीन दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. तो पुढें सरकला व त्याच्या मागून दुसरा आला नाहीं, कीं उघडीप पडते. म्हणजे वऱ्हाडचा पाऊस हप्त्याहप्त्यानें येतो, आणि दोन हप्त्यांमधलें अंतर निश्चित नसतें.

सपाटीवरील वर्षाचा एकूण पाऊस साधारण ७५० ते ९०० मिलिमीटर असतो. लंडनला वर्षाकाठीं सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, हें सांगितलें तर पुष्कळांस नवल वाटेल. अधिक पाऊस असून अकोला तहानलेलें आणि कमी पाऊस असून लंडन हिरवें, याचें कारण वांटणी. लंडनचा पाऊस बारा महिन्यांत थोडाथोडा पडतो आणि तेथील मंद उन्हांत तो सुकतही नाहीं. वऱ्हाडचा बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांत, आणि त्यांतही पन्नासाच्या आंतबाहेर दिवसांत पडून जातो. उरलेले आठ महिने त्याच्या सांठ्यावर काढावयाचे असतात. अमरावतीकर पितात तें पाणी सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणाचें, आणि अकोलेकर पितात तें महान येथील काटेपूर्णा धरणाचें. पूर्णेच्या कांठच्या खारपाण पट्ट्यांत तर जमिनीखालचें पाणीही खारट. तेथें विहीर असून पाणी नाहीं असा प्रकार आहे. म्हणून पावसाचा खंड म्हणजे काय हें त्या पट्ट्यांतील शेतकऱ्यास जितकें कळतें तितकें दुसऱ्या कोणास क्वचितच कळेल.

शेतकरी पावसाचा हिशेब नक्षत्रांनीं ठेवतो. ७-८ जूनला मृग, मग आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, असें करीत सप्टेंबरअखेरीस हस्त येतो. ही पद्धत सोयीची आहे. परंतु तींत एक सूक्ष्म फेर आहे. पृथ्वीच्या आंसाच्या मंद फिरण्यामुळें सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानानें सुमारें बहात्तर वर्षांत एक दिवस पुढें जातो. साडेतीनशे वर्षांपूर्वीं मृग ऋतूच्या हिशेबानें आजच्यापेक्षां पांच दिवस आधीं लागत असे. जुन्या म्हणींतील ठोकताळे आज तंतोतंत जुळत नाहींत, त्याचें हें एक कारण. बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेच्या दिवशीं घटाभोंवतीं धान्यें मांडतात आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यांवरून पाऊस व पीक यांचें भाकीत सांगतात. त्याला शास्त्राचा आधार नाहीं. पण तें ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात, यावरून पुढच्या चार महिन्यांची चिंता किती खोल आहे तें दिसतें.

ती चिंता रास्त आहे. वऱ्हाडची काळी जमीन उन्हाळ्यांत फाटून तींत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचें पाणी त्या भेगांतून खोल उतरतें, माती फुगते आणि भेगा मिटतात. ही जमीन पाणी धरून ठेवते, हा तिचा मोठा गुण. परंतु तिची तहान भागल्याशिवाय ती बियाण्याला कांहीं देत नाहीं, हाही तिचा स्वभाव. मृगाच्या पहिल्या सरी आल्या कीं तिफण काढण्याचा मोह होतो. वरची चार बोटें माती ओली असते, सरकी उगवते, आणि मग पंधरा-वीस दिवस पावसानें ओढ दिली कीं कोंब जागच्या जागीं करपतो. मग दुबार पेरणी : पुन्हां बियाणें, पुन्हां मजुरी, पुन्हां कर्ज. पुढें जुलै-ऑगस्टांत धो धो पाऊस होऊन वर्षाची सरासरी पुरी होते, सरकारी तक्त्यांत तें साल समाधानकारक म्हणून नोंदलें जातें, आणि त्याच सालीं एखादें कुटुंब बुडालेलें असतें. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरूं नये, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे तो यासाठींच.

खंड पुढेंही पडतो. पावसाचा मुख्य पट्टा हिमालयाच्या पायथ्याशीं सरकला कीं मध्य हिंदुस्थान कोरडा पडतो. २०२३ सालचा ऑगस्ट महिना देशभरांत १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन वाढीच्या दिवसांत पिकें माना टाकतात तीं अशा वेळीं. याच्या उलट, जुलै २०२१ मध्यें अकोल्यांत रात्रभराच्या मुसळधार पावसानें मोर्णा नदीचें पाणी वस्त्यांत शिरलें. हवा जसजशी तापते तसतशी ती अधिक वाफ पोटांत सांठवूं शकते. एका अंशामागें सुमारें सात टक्के. त्यामुळें पडतो तेव्हां फार पडावा आणि पडत नाहीं तेव्हां दीर्घकाळ पडूं नये, अशी पावसाची चाल जगांत अनेक ठिकाणीं दिसूं लागली आहे. वऱ्हाडला अंतरांचा त्रास पूर्वींपासूनच आहे. तो वाढणें ही येथील शेतकऱ्यास सर्वांत महाग पडणारी गोष्ट होय.

श्रावण-भाद्रपदांत मात्र हाच प्रदेश ओळखूं येत नाहीं. दिवस-रात्रींतील अंतर सहा-सात अंशांवर येतें, पऱ्हाटी व तूर शिवारभर डोलूं लागते आणि मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. ऑक्टोबरांत पाऊस परततो. आकाश उघडतें, जमीन अजून ओली असते, आणि त्या दमट उन्हानें माणूस त्रासतो. कोजागिरीनंतर हवा पालटते. डिसेंबर-जानेवारींत उत्तरेकडील कोरडे वारे येतात. किमान तापमान दहा-बारा अंशांवर उतरतें, कांहीं पहाटे त्याही खालीं. हुरड्याचे, कापूस-वेचणीचे आणि संत्र्यांचे हे दिवस. वरुड-मोर्शीकडील संत्राबागाईत हवेचा उपयोग कसा करून घेतो तें पाहण्यासारखें आहे. झाडाला पाण्याचा तान देऊन तो त्याला विसावा देतो आणि मग पाणी सोडतो, म्हणजे झाड बहरतें. हिवाळ्याच्या अखेरीस येणारा तो आंबिया बहार, पावसाच्या आरंभीं येणारा तो मृग बहार. अंतराला भिण्याऐवजीं त्याला कामास लावण्याचें हें एक उत्तम उदाहरण होय. तथापि तेथेंही विहिरी व कूपनलिका यांच्या उपशानें भूजल खोल गेलें आहे, आणि फेब्रुवारी-मार्चांतील गारपिटीचें भय असतेंच. २०१४ सालच्या गारपिटीनें विदर्भ-मराठवाड्यांतील उभीं पिकें झोडपून काढलीं.

असें हें वर्षाचें चक्र आहे. त्यांत वऱ्हाडी माणसाच्या हातीं ऊन कमी करणें नाहीं आणि पाऊस पाडणेंही नाहीं. त्याच्या हातीं आहे तें अंतर सांभाळणें. दिवसाची उष्णता रात्रीं बाहेर जाऊं देईल असें घर, पावसाच्या दिवसांचें पाणी कोरड्या दिवसांना पुरवील असें तळें, आणि जमिनीची तहान भागेपर्यंत तिफण आंवरून धरण्याइतका धीर, या तीन गोष्टी त्याला साधण्याजोग्या आहेत. वर्तमानपत्रांत अकोल्याचें कमाल तापमान वाचणाऱ्या शहरवासीयानें यापुढें त्याच्या खालीं छापलेला किमान तापमानाचा आंकडाही वाचावा, आणि पावसाचे मिलिमीटर पाहतांना मधले कोरडे दिवस मोजावेत. धाब्याखालीं निजणाऱ्या म्हातारीची रात्र आणि शेतकऱ्याचा खरीप, दोन्हींची खबर त्याला त्या आंकड्यांत मिळेल.